गव्हाचा चीक

“काठ्या कुठे आहेत?” केतकरबाईंनी विचारलं.

फ्रेमवर गुंडाळलेलं वर्तमानपत्र मी नुकतंच ओढून काढलं होतं, जादूगार रुमाल काढतो तसं. सोनेरी कड, आत मोतिया रंगाची पट्टी, वर काच. काच इतकी पुसली होती की केतकरबाई तिच्यात चष्म्याच्या दोरीसकट दिसत होत्या. मी कौतुकाची वाट बघत होते.

“कुठल्या काठ्या, बाई?”

“वर एक बारीक होती. खाली एक जाड, दोन्ही टोकांना बोंडं असलेली. आणि भोवतीचं कापड?”

“कापडाला कसर लागली होती, ते कापून काढलं. आणि फ्रेम केल्यावर काठ्यांचं काय काम, म्हणून...”

“कुठे आहेत?”

उत्तर मामांनी दिलं. मामा म्हणजे माझे सासरे, दुकानाचे मालक, आणि थोडं खोटं बोलायची गरज असते तेव्हा हमखास खरं बोलणारे. रंधा न थांबवता ते म्हणाले, “जाडी बंबात गेली परवा. बारीक आहे की. मांजर हाकलायला ठेवलीय.”

केतकरबाई स्टुलावर बसल्या. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. ओरडणाऱ्या गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं ते मला येत होतं. त्यांनी फ्रेम उलटी केली आणि मागच्या हार्डबोर्डवर बोटाने टकटक केलं.

“यावर चिकटवलंय?”

“पांढऱ्या डिंकाने,” मी म्हणाले. “जन्मात निघणार नाही.”

ही हमी मी प्रत्येक गिऱ्हाइकाला देत असे. ती त्या दिवशी तोंडातून बाहेर पडताना मला पहिल्यांदा ऐकू आली.

याला आता बावीस वर्षं झाली. तेव्हा मी तिशीची होते. आमचं दुकान तुळशीबागेच्या मागच्या गल्लीत, दहा बाय बाराचं. आमच्या यांना लाकडाच्या भुश्याने शिंका येत, म्हणून ते पिंपरीच्या कारखान्यात आणि दुकानात मामा नि मी. मला हे काम कुणी बसवून शिकवलं नाही. मामांच्या हातांकडे बघत बघत आलं, आणि आलं म्हणून मी शेफारलेही होते. दुकानात यायचे देवांचे फोटो आणि गेलेली माणसं. दोघांनाही एकच औषध: बोर्ड, डिंक, काच.

केतकरबाई पंधरा दिवसांपूर्वी आल्या होत्या. जपानी भाषा शिकवून निवृत्त झालेल्या, सदाशिव पेठेत एकट्या राहणाऱ्या. त्यांनी कापडी पिशवीतून एक गुंडाळी काढून टेबलावर उलगडली. हिरवट राखाडी रेशमाची चौकट, मधे हात-दीड हात लांबीचा कागद, त्यावर कुंचल्याने काळ्या शाईत वरून खाली ओघळत गेलेल्या दोन ओळी. कोपऱ्यात तांबडा शिक्का. “खालची काठी सुटलीय, कापडाला कसर लागलीय. नीट करून ठेवा,” असं सांगून त्या बहिणीकडे बेळगावला गेल्या. मामाही तेव्हा लग्नाला फलटणला गेलेले. मी एकटीने नीट केलं. फार नीट केलं.

“यजमानांचा फोटो तुम्हीच फ्रेम करून दिलात,” बाई म्हणाल्या. “ती फ्रेम छान झाली. त्यांना आता कुठे जायचं नाहीये. हिला जायचं होतं.”

“हिला?”

“ही भिंतीवर कायमची राहत नाही. काही दिवस लावायची, बघायची, की गुंडाळून पेटीत. बारा एप्रिलला जपानहून फुमिको-सान येतायत. मी तिकडे शिकत होते तेव्हा ज्यांच्या घरी राहायचे, त्या ओकादाआजींची मुलगी. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. त्यांचं घर जळलं तेव्हा आईची एक चिठ्ठीसुद्धा उरली नाही. मी कळवलं, तुमच्या आईचं अक्षर माझ्याकडे आहे, या आणि घेऊन जा. म्हातारी एका दिवसासाठी वाकडी वाट करून येतेय.” त्यांनी काचेवर हात ठेवला. “आता हे काचेचं दार विमानात कसं नेणार ती?”

रंधा थांबला होता.

“मी काढून देते,” मी म्हणाले.

“आत्ताच म्हणालीस ना, जन्मात निघत नाही,” मामा म्हणाले.

“मी चिकटवलंय. मीच काढीन.”

“आणि फाटलं म्हणजे?”

केतकरबाईंनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं, परीक्षेत नापास होणारी मुलगी पुरवणी मागते तेव्हा बघतात तसं.

“आज तेवीस मार्च,” त्या म्हणाल्या. “उद्या सकाळी येते. माझ्याकडे एक पुस्तक आहे.”

त्या गेल्यावर मी मांजरावरची काठी आणून धुतली. कचऱ्याच्या पोत्यात रेशमाचे तुकडे शोधले. मिळाले, पण मी ते इतक्या उत्साहाने कापले होते की त्यात आता बाहुलीची चोळीसुद्धा झाली नसती.

*

पुस्तक पातळ होतं, तिकडच्या कुठल्याशा कारागिराने शिकाऊ मुलांसाठी काढलेलं. प्रत्येक पानावर रेघांची चित्रं. केतकरबाई स्टुलावर बसून वाचत आणि मराठीत सांगत, आणि मी तोवर काच, पट्टी, चौकट सोडवून बोर्ड मोकळा केला.

“शाई म्हणजे काजळी आणि सरस,” बाईंनी वाचलं.

“सरस?” मामांचे कान टवकारले. सुतार माणूस, जन्म सरसावर गेलेला. “मग पाण्याचं नावच काढू नका. गरम पाण्यात सरस सुटतो. अक्षरं वाहून जातील.”

“आणि गार पाण्यात?”

“गार पाण्यात जुना सरस तग धरेल कदाचित. पण गार पाण्याने तुझा डिंक हलणार नाही. त्याला गरमच लागतं.”

म्हणजे गरम पाणी घ्यावं तर अक्षरं जाणार, आणि गार घ्यावं तर डिंक राहणार. मामा हे सांगून समाधानाने विडी शिलगावायला बाहेर गेले. ते दुष्ट नव्हते. त्यांना फक्त आपलं बरोबर आलेलं आवडायचं.

“त्या दोन ओळींत लिहिलंय काय?” मी बाईंना विचारलं. “मामा म्हणतात शुभ-लाभ असणार.”

“आत्ता नाही सांगणार.”

“का हो?”

“अर्थ कळला की हात थरथरतात. आधी काम कर. आत्ता तुझ्यासाठी ती नुसती शाई आहे, तेच बरं.”

मग माझं तोंड पडलेलं बघून की काय, त्यांनी वेगळंच सांगितलं. तिकडे गेल्याला चार महिने झाले होते. जानेवारी होता, बाहेर बर्फ. घरून तार आली, वडील गेले. परत यायला ना पैसे, ना वेळेत पोचणारं काही. “मी खोलीत भिंतीकडे तोंड करून बसले. सकाळची संध्याकाळ झाली. आजी येऊन बसायच्या, जायच्या. मला तेव्हा त्यांची भाषा धड येत नव्हती आणि त्यांना माझी तर मुळीच नाही. त्या काही बोलल्या नाहीत. रात्री त्यांनी शाई घोटली आणि हे लिहिलं. मी निघाले तेव्हा गल्लीतल्या माणसाकडून कापड लावून, काठ्या बसवून हातात दिलं.”

बाईंनी पान उलटलं आणि एकदम मास्तरणीच्या आवाजात म्हणाल्या, “आता खळ. चिकटवायची खळ कशी करायची. ऐक. गहू निवडून तीन दिवस पाण्यात भिजत घालावेत. पाणी रोज बदलावं.”

“हं.”

“मग ते ठेचून, फडक्यातून पिळून, चोथा टाकून द्यावा. पांढरं पाणी भांड्यात स्थिर ठेवावं. साका तळाशी बसला की वरचं पाणी अलगद ओतून...”

मी पटाशी खाली ठेवली. “बाई, हा कुरडईचा चीक आहे.”

“काय?”

“कुरडयांचा चीक! आमच्याकडे परवाच गहू भिजत घातलेत. मार्च महिना आहे ना. पुढे लिहिलं असेल, पाणी घालून शिजवावा, सतत ढवळावा, गुठळी होऊ देऊ नये, पारदर्शक झाला की उतरवावा.”

बाईंनी पुस्तकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा पुस्तकाकडे. “मीठ आणि हिंग लिहिलेलं नाही,” त्या म्हणाल्या, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा हसल्या. मग मीही हसले. मामा बाहेरून म्हणाले, “एवढं हसायला काय झालं? निघालं का ते?”

नव्हतं निघालं.

*

दोन दिवसांनी चीक शिजवला. त्या रात्री सासूबाई असत्या तर ओरडल्या असत्या, कारण चिकाची परात मी दिवसभर तशीच टाकली होती. कुरडया घालून झाल्या, गच्चीवर वाळल्या, आणि परातीत चीक कडकडीत सुकून काचेसारखा चिकटून बसला. सकाळी घासायला घेतली. घासणीने हलेना. तेव्हा तिच्यात माठातलं गार पाणी ओतलं आणि नळावर भांडायला गेले. पाऊण तासाने आले तर चिकाचा पापुद्रा आपोआप सुटून पाण्यावर तरंगत होता. अख्खा. मी काहीही केलं नव्हतं.

मी परात तशीच टाकून केतकरबाईंच्या घरी गेले. त्या केस विंचरत होत्या.

“बाई, त्या लिखाणाच्या मागे अजून कागद आहेत का? पुस्तक काय म्हणतं?”

त्यांनी फणी केसांत तशीच ठेवून पुस्तक उघडलं. “मूळ कागद फार पातळ असतो. त्याच्या मागे खळीने एक कागद लावतात. मग त्यावर आणखी एक. कधी तीन.”

“मग माझा डिंक कुठपर्यंत गेला असेल?”

“मला काय माहीत?”

“शेवटच्या कागदापर्यंत. पांढरा डिंक जाड असतो बाई, आत मुरत नाही. म्हणजे डिंक आहे मागच्या कागदावर आणि बोर्डवर. मूळ कागद आहे चिकावर. मग डिंक सोडवायचाच कशाला? राहू दे त्याला. चीक सोडवायचा. गार पाण्यात.”

केतकरबाईंनी पुस्तक मिटलं. फणी अजून केसांतच होती.

“आणि त्या गल्लीतल्या माणसाने चीक वापरला नसेल तर?” त्यांनी विचारलं. “दुसरं काही लावलं असेल तर?”

“तर कळेल.”

“कळेल,” त्या म्हणाल्या. “पण एकदाच.”

*

आधी बोर्ड. अख्खा बोर्ड पाण्यात टाकला तर फुगून वाकला असता आणि कागदालाही घेऊन गेला असता. म्हणून लिखाण खाली, त्याच्याखाली मऊ मलमल, आणि वरून पटाशीने बोर्ड सोलायचा. नखाएवढे पापुद्रे. चार दिवस मी गिऱ्हाइकाकडे पाठ करून तेच करत होते. मामा येता-जाता म्हणत, “एवढ्यात आठ गणपती झाले असते.” तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हातातली पटाशी काढून घेतली. मला वाटलं, आता संपलं. त्यांनी ती सहाणेवर घासली, अंगठ्यावर धार बघितली आणि न बोलता परत दिली.

शेवटी बोर्ड पोस्टकार्डाएवढा पातळ राहिला. पुढे धाडस नव्हतं.

पाण्याचा दिवस ठरला एक एप्रिल. मामांनी त्यावरही बोलून घेतलं. शेजारच्या बेकरीतून टोस्टचा लांब ट्रे आणला, सोडा लावून तीनदा धुतला. कागद ओला झाल्यावर हातात येणार नाही, म्हणून तळाला मच्छरदाणीचा तुकडा अंथरला. उचलायचा तर जाळीसकट. आधी सगळ्यात बारीक अक्षराच्या टोकावर पाण्याचा एक थेंब ठेवला, शंभर आकडे मोजले, टिपकागद दाबला. टिपकागद पांढरा. शिक्क्यावर ठेवला. किंचित गुलाबी.

“गुलाबी आलंय,” मामा म्हणाले.

“दिसलं मला.”

“अजून थांबता येतं. बाईंना म्हणावं, आहे तसंच न्या. काच नको, बोर्डही पातळ झालाय.”

मी केतकरबाईंकडे बघितलं. त्या स्टुलावर ताठ बसल्या होत्या, पदर दोन्ही मुठींत.

“तुझं मन काय म्हणतं?” त्यांनी विचारलं.

“मन काही म्हणत नाही बाई. परात म्हणते, निघेल.”

“मग घाल.”

मामा उठून चपला घालायला लागले. “मी नाही बघणार,” म्हणाले. पण गेले नाहीत. दाराशी एक चप्पल पायात, एक हातात, असे उभे राहिले.

मी माठातलं पाणी कडेने सोडलं. कागद काळपट झाला, जड झाला आणि तळाशी बसला. ओळी जागेवर होत्या. दहा मिनिटं. वीस. केतकरबाई घड्याळाकडे बघत नव्हत्या, मी बघत होते. चाळीस मिनिटांनी कोपरा बोटाने चाचपला. पक्का. पाऊण तास. पक्का. मामांनी दुसरी चप्पलही हातात घेतली. बेकरीवाला ट्रे मागायला आला, आमचे चेहरे बघून परत गेला.

तासाभराने मी पुन्हा कोपऱ्याला बोट लावलं. आणि तो सरकला. फाटला नाही, सुटला नाही, सरकला, ताटलीतल्या सायीसारखा.

मी ट्रेमध्येच तो उलटा केला, लिखाण खाली, जाळीवर. मग मागच्या कागदाची कड दोन बोटांत धरली आणि स्वतःच्या अंगावर ओढली, हळूहळू, कागद ओढतेय असं त्याला कळू न देता. तो येत गेला. डिंक, बोर्डचा उरलेला पापुद्रा, माझी सगळी हमी, सगळं एका तुकड्यात निघून हातात आलं. जाळीवर राहिला नुसता एक पातळ कागद, कांद्याच्या पापुद्र्याएवढा, आणि त्यातून आरपार दिसणाऱ्या दोन उलट्या काळ्या ओळी.

केतकरबाईंनी मुठी सोडल्या. पदराला चुण्या पडल्या होत्या.

“पस्तीस वर्षांपूर्वीचं ते,” मी म्हणाले. “कसं काय सुटलं?”

बाईंनी पुस्तक उघडलं. पान सापडायला वेळ लागला. “हे मी तुला वाचून दाखवलं नव्हतं. तेव्हा ते विशेष वाटलं नाही. खळ पातळ ठेवावी, असं लिहिलंय. आपलं काम आपल्यानंतरच्या माणसाला सोडवता आलं पाहिजे.”

“काय म्हणतंय?” मामांनी दारातून विचारलं.

बाईंनी पुन्हा वाचलं.

मामांनी चपला खाली ठेवल्या, आत आले, ट्रेजवळ वाकून बघितलं. मग उठून मागच्या फळीवरून एक फडक्यात गुंडाळलेला शिसवाचा तुकडा काढला. त्यांच्या वडिलांच्या वेळचा, कुणालाही हात लावू न दिलेला.

“काठी केवढी जाड होती?” त्यांनी मला विचारलं. “बोंडं कशी होती? नीट आठव. तूच बंबात घातलीस.”

*

पुढचे दहा दिवस सांगण्यासारखे थोडे आणि करण्यासारखे फार होते. केतकरबाईंनी ट्रंकेतून जपानी कागद काढले, कधीकाळी अक्षर गिरवायला आणलेले. मी चीक शिजवला, दोनदा गाळला, दुधाएवढा पातळ केला आणि नवा कागद मागे लावला. ओला कागद फळीवर ताणून वाळवायचा होता आणि एप्रिलचं ऊन आमच्या पत्र्यावर आदळत होतं. भराभर वाळला तर टराटरा फाटणार, म्हणून भोवती ओली पोती टांगली आणि दर अर्ध्या तासाने त्यांच्यावर पाणी मारलं. दुकान मोरीसारखं झालं. कापड म्हणून खण घ्यायचं ठरलं, काळसर निळा, बारीक बुट्टीचा. खणाचा रंग जातो, हे मात्र मला कुठल्या पुस्तकाने शिकवायला नको होतं. मिठाच्या पाण्यात चारदा काढला तेव्हा पाणी स्वच्छ आलं.

सगळं परत आलं नाही. शिक्का फिकट झाला. डाव्या कडेला मी पहिल्या दिवशी कात्री फिरवताना कागदही दोराभर गेला होता, तो गेलाच. मी ते बाईंना दाखवलं.

“सांगू नका त्यांना हवं तर,” मी म्हणाले.

“मी सांगणार आहे,” बाई म्हणाल्या. “आणि पुढचंही सांगणार आहे.”

बारा तारखेला दुपारी मी त्यांच्या घरी गेले ते भिंतीवर खिळा ठोकायला. निदान मला तसं सांगून बोलावलं होतं. मामांनी केलेली काठी शिसवाची, काळीभोर, तेल पाजलेली. बोंडं थोडी जास्तच गोल झाली होती, देव्हाऱ्याच्या खांबांना करतात तशी. बारीक काठी मांजरवाली. मी दोरी खिळ्यात अडकवली आणि खालची काठी दोन्ही हातांत धरून सोडत सोडत खाली आणली. खण, मग कागद, मग दोन ओळी, मग पुन्हा खण. जड काठीने सगळं सरळ ओढून धरलं. वाऱ्याने ते किंचित हललं. फ्रेम कधी हलत नाही.

फुमिको-सान आल्या. माझ्या खांद्याएवढ्या, करड्या रंगाचा झगा, पायांत पांढरे मोजे. वाकून नमस्कार झाले. मी किती वाकायचं ते न कळल्यामुळे दोनदा वाकले. केतकरबाईंनी त्यांना खुर्ची दाखवली, पण त्या बसल्या नाहीत. सरळ भिंतीपुढे जाऊन जमिनीवर बसल्या, गुडघे दुमडून, मांडीवर हात ठेवून.

मी चहा केला. आपलाच, आलं घालून. तीन कप बशांसकट त्यांच्याजवळ ठेवले. केतकरबाईही खाली बसल्या. मी दाराशी उभी राहून फक्त डावी कड बघत होते, जिथे दोराभर कागद कमी होता.

बऱ्याच वेळाने केतकरबाई हळू आवाजात जपानीत बोलायला लागल्या. मध्येच माझं नाव आलं. मध्येच ‘कुरडई’ असा शब्द आला, त्याला बहुधा तिकडे शब्द नसावा. फुमिको-सान उठून भिंतीजवळ गेल्या. मला वाटलं, आता कड बघतील. त्यांनी काठी धरून ती गुंडाळी किंचित उचलली आणि मागे बघितलं, मागचा कागद, आणि त्यावरून तळहात फिरवला. मग खाली बसून पुन्हा त्या ओळींकडे बघत राहिल्या. त्यांच्या गालांवरून पाणी येत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या.

मला तिथे उभं राहवेना. काहीतरी करायला हवं म्हणून मी पुढे झाले आणि कप उचलले. तिन्ही भरलेले, वर साय धरलेली.

“चहा गार झाला,” मी म्हणाले. “पुन्हा ठेवते.”

केतकरबाईंनी मान वर केली.

“काय म्हणालीस?”

“चहा गार झाला ना. पुन्हा ठेवते म्हटलं.”

केतकरबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग फुमिको-सानकडे वळून त्यांनी तेवढंच वाक्य जपानीत सांगितलं, माझ्याकडे बोट दाखवून. फुमिको-सानच्या तोंडातून एक बारीक आवाज निघाला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, आणि ओले गाल तसेच ठेवून हसल्या.

“मी चुकीचं काही बोलले का?” मी विचारलं.

“तू मला विचारत होतीस ना, काय लिहिलंय म्हणून,” केतकरबाई म्हणाल्या. “त्या दिवशी आजी चहा आणत होत्या. मी पीत नव्हते. त्या गार झालेला उचलून न्यायच्या, नवा आणायच्या. दिवसभर.” त्यांनी पहिल्या ओळीकडे हात केला. “चहा गार झाला.” मग दुसरीकडे. “पुन्हा ठेवते.”

तीन कप हातात घेऊन मी तिथेच उभी होते. मला आता ओळी दिसत होत्या, शाई दिसत नव्हती, आणि हात खरंच थरथरत होते. बशा वाजायला लागल्या.

मी आत गेले. चहा मोरीत ओतला, भांडं विसळलं आणि आधण ठेवलं.